आमची ॲनिमेशनवाली मंडळी पांगली, आता त्या फायलींचं काय करू?

पत्र :

ताई, सप्रेम नमस्कार.
माझं वय ३९. सांगलीत फ्लेक्स आणि लग्नपत्रिका छापायचा व्यवसाय आहे. बारावीनंतर एका मित्राने दिलेल्या सीडीवरून मॅक्रोमीडिया फ्लॅश हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर शिकलो, आधी सायबर कॅफेत आणि मग घरच्या कॉम्प्युटरवर. २००४ ते २००९ या काळात छोट्या छोट्या कार्टून फिल्म केल्या आणि न्यूग्राउंड्स या वेबसाइटवर टाकल्या. लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून कामाला बसायचो. तिथं आमचा सहा-सात जणांचा गट जमला. एक ब्राझीलचा, एक इंग्लंडमधल्या लीड्सचा, बाकीचे अमेरिकेतले. कुणी कुणाला कधी भेटलं नाही, पण दोन फिल्म आम्ही मिळून केल्या, प्रत्येकाने आपापला तुकडा. पुढे नोकऱ्या, लग्नं, आणि सगळं थांबलं.

परवा कपाट आवरताना त्या सीड्या सापडल्या. फायलींवर क्लिक केलं तर एकही उघडेना. न्यूग्राउंड्सही आता बंद पडलं असणार. दोन दिवस कशात मन लागलं नाही. बायको म्हणते, "एवढं काय, कार्टूनच तर होती. टाकून दे त्या सीड्या." तिचं चुकतंय असंही मला म्हणवत नाही. पण न भेटलेल्या माणसांसाठी आणि मेलेल्या सॉफ्टवेअरसाठी इतकं वाईट का वाटावं? तो गट पुन्हा जमवावा का? माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, टॅबवर चित्रं हलवते, चांगली हलवते. आम्हाला मिळालं तसं काही तिला कुठे मिळेल?
– एक जुना फ्लॅशवाला, सांगली

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं वाचताना तुमचं लक्ष लागणार नाही. न्यूग्राउंड्स बंद पडलेलं नाही. तुम्ही स्वतः काढून टाकल्या नसतील, तर तुमच्या फिल्म तिथं अजून असण्याची चांगली शक्यता आहे, आणि त्यांतल्या बऱ्याचशा आजच्या ब्राउझरमध्ये चालतीलही. त्या वेळचा ईमेल बंद झाला असेल तर खात्यात शिरताना अडचण येईल, पण शोधायला तर काही हरकत नाही. तेव्हाचं टोपणनाव टाकून बघा. माझं हे उत्तर बाजूला ठेवून आत्ताच बघितलंत तरी चालेल.

वाईट का वाटावं, असं विचारलंय. मला त्यात नवल वाटत नाही. फ्लॅशमध्ये नवी फाईल उघडली की तिचा वेग आपोआप सेकंदाला १२ फ्रेम असायचा, आठवतंय ना? म्हणजे मिनिटाला ७२०. ट्वीनची, म्हणजे दोन चित्रांमधली हालचाल सॉफ्टवेअरकडून भरून घ्यायच्या सोयीची, मदत घेतली तरी बोलणारे ओठ, उडी, मान वळवणं हे सगळं हातानेच करावं लागायचं. दीड मिनिटाच्या फिल्मपायी महिनेच्या महिने जायचे. घरचे ती बघून "छान आहे" म्हणाले असतील, आणि मनापासून म्हणाले असतील. पण तिकडे लीड्सच्या त्या मुलाने तीच फिल्म बघून लिहिलं असेल की तुझं पात्र उडी मारण्याआधी गुडघ्यात वाकत नाही, त्यामुळे ते उडाल्यासारखं दिसत नाही, कुणीतरी दोरीने वर ओढल्यासारखं दिसतं. आपण काय करू बघत होतो आणि ते नेमकं कुठे फसलं, हे ओळखणारा माणूस मिळायला भाग्य लागतं. तुम्हाला विशीतच असे सहा-सात जण मिळाले, आणि मग ते एकेक करून दिसेनासे झाले. याचं दुःख होणारच. वहिनींना ते कळत नाही, कारण त्यांनी फक्त न उघडणाऱ्या सीड्या बघितल्या आहेत. त्या माणसांबद्दल त्यांना सांगा. ते काय लिहायचे, तुम्ही काय उत्तर द्यायचात, ते सांगा.

तुम्ही आलात तेव्हा ती जागा चांगली नांदती झालेली होती. ती तशी कशी झाली ते थोडं सविस्तर सांगते, कारण मुलीला काय द्यायचं या प्रश्नाचं उत्तर मला त्यातच दिसतं.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात राहणारा टॉम फल्प हा शाळकरी मुलगा १९९१ मध्ये निओ जिओ या गेमच्या यंत्राचं वेड असलेल्यांसाठी एक हौशी अंक काढायचा. त्या अंकाचं नाव न्यू ग्राउंड. १९९५ मध्ये तो अंक इंटरनेटवर आला. दुसरीकडे १९९६ मध्ये फ्यूचरस्प्लॅश ॲनिमेटर नावाचं छोटंसं सॉफ्टवेअर निघालं, ते मॅक्रोमीडियाने विकत घेतलं आणि त्याचं फ्लॅश झालं. फ्लॅशची चित्रं वेक्टरची. तुम्ही रोज कोरलड्रॉमध्ये काम करता, तेव्हा याचा अर्थ तुम्हाला वेगळा सांगायला नको : चित्राचा एकेक ठिपका पाठवायचा नाही, फक्त रेषा कुठून कुठे जाते ते पाठवायचं. त्यामुळे दोन-तीन मिनिटांची फिल्म काहीशे किलोबाइटमध्ये बसायची आणि टेलिफोनच्या तारेवरून कुरकुरत का होईना, उतरायची. त्या काळात इंटरनेटवर व्हिडिओ बघणं जवळजवळ अशक्य होतं. हलतं चित्र दाखवायचं तर ते काढलेलंच असावं लागे. हौशी चित्रकारांना इतकी अनुकूल हवा पुन्हा कधी मिळाली असेल असं मला वाटत नाही.

२००० साली फल्पच्या या साइटवर, म्हणजे न्यूग्राउंड्सवर, फिल्म आपली आपण चढवायची सोय झाली. चढवली की ती लगेच सगळ्यांना दिसायची आणि बघणारे ० ते ५ गुण द्यायचे. पहिल्या काही मतांत सरासरी फार घसरली तर फिल्म आपोआप काढली जायची. त्याला 'ब्लॅम होणं' म्हणत. तगली तर राहायची. तुमच्या सांगलीकडच्या तालमीत नवा पोरगा पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर पाठीवर पडतो आणि त्याच मातीत उठून पुन्हा उभा राहतो, तसंच हे होतं. आत यायला ओळख लागत नव्हती, पदवी लागत नव्हती, पैसेही लागत नव्हते.

१५ ऑगस्ट २००१ ला तिथं एकाने नुसतं इंग्रजी 'बी' हे अक्षर पडद्यावर दाखवणारी फिल्म टाकली. ती ब्लॅम व्हायला हवी होती, पण तगली. मग तिचे चाहते जमले, त्यांनी घड्याळांची पात्रं केली, त्यांना कॉम्प्युटरचा यांत्रिक आवाज दिला आणि स्वतःला क्लॉक क्रू म्हणवून घेतलं. १५ ऑगस्ट तिथं क्लॉक डे झाला. हे पोरकट होतंच, आणि त्या पोरकटपणाला मी फार मानते. गोल घड्याळ कुणालाही काढता येतं. ज्याला माणसाचा हात काढता येत नव्हता त्यालाही त्या टोळीत पहिल्या दिवसापासून जागा होती, आणि घड्याळं हलवता हलवता त्यांतले कितीतरी जण हातही काढायला शिकले.

२००३ मध्ये संगीतकारांसाठी ऑडिओ पोर्टल निघाला. घरी बसून सूर जुळवणारी पोरं आपली गाणी तिथं ठेवायची, ॲनिमेशनवाले ती आपल्या फिल्मला लावायचे आणि श्रेयात नाव द्यायचे. तुमच्या दोन्ही एकत्र फिल्मना संगीत बहुधा तिथलंच असेल. आणि प्रत्येक फिल्मखाली शेरे. गुणांपेक्षा मला या शेऱ्यांचं मोल जास्त वाटतं. शेरा लिहिणारा बऱ्याचदा स्वतःच फिल्म करणारा असे. आज तो तुमची फिल्म बघणार, उद्या तुम्ही त्याची. फिल्मकर्ता शेऱ्याखाली उत्तरही देऊ शकत असे, आणि तिथूनच ओळखी व्हायच्या.

पण त्या काळाला मी सोन्याचा मुलामा देणार नाही, तुम्हीही देऊ नका. तिथं रक्तपाताचे विनोद होते, वंशावरून केलेले हलकट विनोद होते, मुलींशी बोलण्याची रीत बऱ्याचदा लाजिरवाणी होती. शेऱ्यांत नुसत्या शिव्याही असत. तुमच्या आठवणीत आहेत ते सगळे टिकलेले. ज्याची पहिलीच फिल्म ब्लॅम झाली आणि जो परत कधी फिरकलाच नाही, तो तुमच्या गटात आला नाही, म्हणून तुम्हाला आठवत नाही. त्यांत किती मुली असतील, किती जणांचं इंग्रजी तुमच्याहून कच्चं असेल, कुणास ठाऊक. मुलीसाठी 'तसंच काहीतरी' शोधताना ही माणसं डोळ्यासमोर ठेवा.

आता ओहोटीबद्दल. 'मेलेलं सॉफ्टवेअर' म्हणताना फ्लॅश गेलं आणि म्हणून माणसं गेली, असा क्रम तुमच्या मनात दिसतो. खरा क्रम जवळजवळ उलटा आहे. २००५ मध्ये यूट्यूब आलं. फोन काढून कुणीही दिवसभरात पाच मिनिटांचा व्हिडिओ करू लागला, आणि तेवढ्याच पाच मिनिटांसाठी फ्लॅशवाल्याला अख्खा हंगाम लागायचा. २००७ पासून यूट्यूब जाहिरातीच्या पैशातला वाटा व्हिडिओ करणाऱ्यांना देऊ लागलं, तेव्हा ज्यांच्या फिल्म गाजत होत्या ते तिकडे गेले. त्यांना दोष देता येत नाही, घरभाडं सगळ्यांनाच असतं. मग २०१२ मध्ये यूट्यूबने हिशोब बदलला. किती जणांनी बघितलं यापेक्षा किती वेळ बघितलं याला वजन आलं, आणि महिन्याकाठी दोन मिनिटं देणारा ॲनिमेटर शिफारशींतून मागे पडला. न्यूग्राउंड्स सोडून तिकडे गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी त्या वर्षानंतर चित्रं काढणं कमी केलं आणि गेम खेळता खेळता गप्पा मारण्याचे लांबलचक व्हिडिओ सुरू केले. मला या साऱ्या कहाणीत सर्वांत जास्त खटकतं ते हेच. तिथं लाखो प्रेक्षक मिळाले, पण उडीआधी गुडघा वाकला नाही हे सांगणारे त्यांत हरवून गेले.

फ्लॅशचा शेवट याच्या शेजारी शेजारी होत होता. २००५ मध्येच ॲडोबीने मॅक्रोमीडिया विकत घेतली होती. २००७ च्या आयफोनवर फ्लॅश चालत नव्हतं, एप्रिल २०१० मध्ये आयफोन बनवणाऱ्या ॲपलच्या स्टीव्ह जॉब्ज यांनी उघड पत्र लिहून ते का चालवणार नाही ते सांगितलं, पुढच्या वर्षी ॲडोबीनेही मोबाइलसाठीचं फ्लॅश सोडून दिलं. बॅटरी खातं, सुरक्षिततेला भोकं आहेत, या तक्रारी खोट्या नव्हत्या. जुलै २०१७ मध्ये शेवटाची तारीख जाहीर झाली. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेयरला निरोप दिला गेला आणि १२ जानेवारी २०२१ पासून तो स्वतःहूनच फाईल चालवायचा थांबला. तुमच्या सीडीवरची फाईल उघडेना त्याचं कारण हे. फाईल धडधाकट असेल, ती वाचणारा गेला.

त्याच सुमाराची दुसरी एक जागा आठवते. निन्टेन्डोच्या डीएसआय या हातातल्या यंत्रावर मुलं काळ्या, लाल, निळ्या रेषांनी पानामागून पान चित्रं काढायची आणि क्योतोच्या हातेना कंपनीच्या फ्लिपनोट हातेनावर टाकायची. ३१ मे २०१३ ला ती सेवा बंद झाली आणि लाखो मुलांची सगळी ये-जा एका दिवसात तुटली. पुढे चाहत्यांनीच पर्यायी सर्व्हर उभारला. न्यूग्राउंड्सवर तशी वेळ आली नाही, कारण चालवणारा माणूस तोच राहिला. फल्पने ती जागा मोठ्या कंपनीच्या हाती दिली नाही. गर्दी ओसरल्यावरही जाहिरात आणि चाहत्यांची मासिक वर्गणी यांवर ती चालू ठेवली.

वारशाबद्दल बोलायचं तर मोठी नावं पटकन सांगून टाकते. फल्प आणि डॅन पॅलाडिन यांचा २००२ चा एलियन हॉमिनिड हा छोटा फ्लॅश गेम पुढे दुकानात विकला गेला. एडमंड मॅकमिलनचा मीट बॉय हा गेम २००८ मध्ये तिथंच आला आणि दोन वर्षांनी त्याचा सुपर मीट बॉय झाला. २०२२ मध्ये अमेरिकन टीव्हीवर सुरू झालेल्या स्मायलिंग फ्रेंड्स या मालिकेचे दोन्ही कर्ते, झॅक हॅडल आणि मायकल क्यूसॅक, त्याच मातीतले. एप्रिल २०२१ मध्ये फ्रायडे नाइट फंकिन या गेमचा नवा भाग तिथं आला तेव्हा इतकी झुंबड उडाली की साइटच कोसळली. फ्लॅशला निरोप देऊन चार महिनेही झाले नव्हते.

पण मला तुमच्यासाठी जास्त मोलाची वाटते ती एड गुल्डची गोष्ट. ब्रिटिश मुलगा. शाळेत असल्यापासून स्वतःला आणि आपल्या मित्रांनाच पात्रं करून कार्टून करायचा, एड्सवर्ल्ड नावाने. मार्च २०१२ मध्ये ल्युकेमियाने गेला, वय २३. त्याच्या मित्रांनी चाहत्यांकडून पैसे गोळा केले, त्याच्या अपुऱ्या राहिलेल्या कल्पना पुऱ्या केल्या आणि २०१६ पर्यंत मालिका चालवली. एकमेकांचे तुकडे जोडून फिल्म करायची सवय त्या पिढीला होती, म्हणून दुसऱ्याचा तुकडा पुरा करणं त्यांना जमलं, असं मला वाटतं.

आणि बाकीच्यांनी आणखी एक काम केलं, ज्याचा फायदा आता थेट तुम्हाला होणार आहे. बेन लॅटिमोर या ऑस्ट्रेलियन तरुणाने २०१८ मध्ये फ्लॅशपॉइंट हा प्रकल्प सुरू केला. स्वयंसेवकांनी मिळून २ लाखांहून अधिक गेम आणि ॲनिमेशन त्यात वाचवली. माइक वेल्श या प्रोग्रामरने रफल नावाचा फ्लॅशची नक्कल करणारा प्लेयर सुरू केला. तो मोफत आहे, न्यूग्राउंड्स त्याच्याच जोरावर जुन्या फिल्म दाखवतं, आणि नोव्हेंबर २०२० पासून इंटरनेट अर्काइव्ह या जुन्या गोष्टी जपणाऱ्या साइटनेही तो वापरायला घेतला. तुमच्यासारख्यांच्या, कुणालाही आठवत नसलेल्या दीड मिनिटांच्या फिल्मसुद्धा चालाव्यात म्हणून ही माणसं वर्षानुवर्षं राबली आहेत.

तेव्हा आता कामाला लागू.

सीड्या टाकायच्या नाहीत, निदान अजून नाही. बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह घ्या किंवा कुणाचा आणा. सीडीवरची फाईल थेट उघडत बसू नका, आधी सगळंच्या सगळं हार्ड डिस्कवर उतरवा. घरी लिहिलेल्या सीडीतला रंगाचा थर वर्षांनुवर्षं खराब होत जातो, त्यामुळे एखादी वाचली नाही तर मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा आणि दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. एका ड्राइव्हला न दिसणारी सीडी दुसऱ्याला दिसते, हे बऱ्याचदा होतं.

मग फायली वेगळ्या करा. एफएलए म्हणजे तुमची कामाची फाईल, एसडब्ल्यूएफ म्हणजे पक्की फिल्म. एसडब्ल्यूएफ आधी घ्या. कॉम्प्युटरवर रफल उतरवून त्यात ती टाका. त्या काळच्या साध्या फिल्म बहुतेक नीट चालतात.

एसडब्ल्यूएफ आधी घ्या म्हणते याला एक खास मराठी कारण आहे, आणि तुमच्या धंद्यातल्या माणसाला ते चटकन पटेल. तुम्ही तेव्हा मराठी अक्षरं श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या फाँटमध्ये टाकली असतील, कारण फ्लॅशमध्ये युनिकोड देवनागरी धड जुळत नसे. आता एफएलए फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलीत आणि तो फाँट तिथं नसला, तर मराठीच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतील. घाबरू नका, फाईल बिघडलेली नसते. एसडब्ल्यूएफमध्ये मात्र साध्या मजकुराच्या अक्षरांचे आकार आतच साठवलेले असतात, म्हणजे गिऱ्हाइकाला आपण "कर्व्ह करून पाठवा" म्हणतो तसंच जवळपास. म्हणून तिथं तुमचं मराठी जसंच्या तसं दिसेल. ते बघून, तोच फाँट तुमच्या दुकानातल्या जुन्या मशीनवर अजून असेल तर तो एफएलएच्या शेजारी ठेवून द्या. आमच्या भाषेतल्या किती हौशी फिल्म केवळ फाँट न सापडल्यामुळे वाया जात असतील, या विचाराने मला हळहळ वाटते. फार जुनी एफएलए फाईल नव्या सॉफ्टवेअरमध्ये कधी उघडते, कधी नाही. नाही उघडली तर जेपेक्स हे मोफत साधन एसडब्ल्यूएफमधूनच चित्रं, आवाज आणि बरंचसं काम परत काढून देतं.

व्हिडिओही करून ठेवा, म्हणजे फोनवर कुणालाही दाखवता येईल. त्यासाठी स्विव्हेल नावाचं साधन आहे, तेही वेल्श यांनीच न्यूग्राउंड्ससाठी केलेलं. नाहीतर रफलमध्ये फिल्म लावून सरळ स्क्रीन रेकॉर्ड करा. पण व्हिडिओ झाला म्हणून मूळ फाईल पुसू नका. त्या काळच्या फिल्ममध्ये कोपऱ्यात लपवलेली बटणं असत, त्यावर क्लिक केलं की एखादं जास्तीचं दृश्य उघडे. तुम्हीही लपवली असतील. व्हिडिओत ती जातात. सगळ्याची एक प्रत घरी, एक दुकानात, एक गावाबाहेर कुणा नातेवाइकाकडे ठेवा. एवढं झालं की वहिनींचं ऐका आणि सीड्या टाका.

गट पुन्हा जमवावा का? माझं मत, गट म्हणून जमवू नका. सहा-सात जणांना एकदम आमंत्रण पाठवलंत तर दोन दिवस जुन्या आठवणींचा पूर येईल आणि पंधरा दिवसांत सगळे पुन्हा गप्प होतील. आता त्यांनाही चाळिशी आली, पोरंबाळं आहेत. त्याऐवजी एकालाच लिहा, ज्याचे शेरे तुम्हाला सर्वांत जास्त आठवतात त्याला. पत्र छोटं असू द्या. खुशाली विचारा, आणि सोबत त्याचाच तुकडा पाठवा, व्हिडिओ करून. त्याच्याकडे त्याची प्रत कदाचित राहिली नसेल. "तुझ्या एका शेऱ्यामुळे मी अमुक शिकलो" असं असेल तर तेही लिहा. इंग्रजी तेव्हा मोडकं होतं तरी चाललं, आताही चालेल. उत्तर येणार नाही, अशीही तयारी ठेवा. कुणी या जगातच नसेल, हेही होऊ शकतं.

उत्तर आलं आणि त्याचा हात अजून शिवशिवत असेल, तर तुमच्याच परंपरेतलं एक काम सुचवते. जुन्या फिल्मची नवी आवृत्ती करणारे ॲनिमेटर ती तुकड्यांत वाटून घेतात आणि प्रत्येक जण आपला तुकडा आजच्या हाताने पुन्हा काढतो. तुमच्या एकत्र फिल्ममधली फक्त वीस सेकंदं घ्या. दोघांत दहा-दहा. तारीख ठरवा. बाकीच्यांना हे झाल्यावर दाखवा, बोलावू नका, यायचे ते आपणहून येतील. आणि ती एकत्र फिल्म यूट्यूबवर वगैरे चढवायची असेल तर आधी ज्यांचे तुकडे आहेत त्यांना विचारा, संगीत ज्याचं आहे त्याच्या अटीही बघा. ते काम तुमच्या एकट्याच्या मालकीचं नाही.

राहिली मुलगी. तिच्यासाठी साधनांची वाण नाही. टॅबवर फ्लिपाक्लिप आहे, कॉम्प्युटरवर क्रिटा, पेन्सिलटूडी, ब्लेंडर, सगळी मोफत घेता येतात. कॅफेचे तासाचे पैसे मोजून शिकलेल्या माणसाला हे स्वप्नवत वाटेल. एकत्र फिल्म करण्याची रीतही मेलेली नाही. यूट्यूबवर एखादं गाणं तुकड्यांत वाटून घेऊन पंधरा-वीस मुलं मिळून फिल्म करतात, त्याला मॅप म्हणतात, आणि त्यात तिच्याच वयाच्या मुली मोठ्या संख्येने असतात. बाकी बरंचसं आता डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपच्या बंद खोल्यांत चालतं, बाहेरून दिसत नाही, त्यामुळे ती कुणाबरोबर बोलते ते तुम्हाला माहीत असायला हवं. न्यूग्राउंड्स तिला जरूर दाखवा, पण शेजारी बसून. तिथं प्रौढांसाठीचं कामही असतं. फिल्मवर वयोगटाची खूण असते, ती बघायची सवय तिला पहिल्या दिवशीच लावा.

मी ॲनिमेशन शिकवते. आजच्या मुलांना प्रेक्षक मिळतात, 'लाइक' मिळतात, पण फिल्म दोनदा थांबवून बघणारा माणूस मिळत नाही, असं मला वर्गात वारंवार दिसतं. तुमच्या घरी तो माणूस आहे. तिची परवानगी घेऊन बघा. आधी एकदा सलग, मग एकेक फ्रेम पुढे सरकवत. गुण देऊ नका, "आमच्या वेळी" तर मुळीच म्हणू नका. हालचालीबद्दल एकच गोष्ट सांगा, तिला उद्या करून बघता येईल अशी : डोळे मिटताना एक फ्रेम अर्धमिटे ठेवून बघ, चालताना पाय टेकला की अंग किंचित खाली येऊ दे. तिच्या वर्गातल्या आणखी एक-दोन मुली चित्रं हलवत असतील तर शनिवारी संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर मोठ्या मॉनिटरवर सगळ्यांच्या फिल्म लावा आणि एकमेकींच्या फिल्मवर बोलायला त्यांनाच सांगा. ज्या मुलीची फिल्म सगळ्यांत कच्ची असेल तिच्याकडे जास्त लक्ष द्या, ती पुढच्या शनिवारी आली पाहिजे.

आणि तुमच्या फायली उघडल्या की मुलीला तुमची सर्वांत चांगली फिल्म आधी दाखवू नका, पहिली दाखवा. न्यूग्राउंड्सवर तिच्याखाली आलेले शेरे अजून असतील तर ते तिला वाचू द्या, वाईट शेऱ्यांसकट. मग दुसरी फिल्म शेजारी उघडा आणि त्या शेऱ्यांतलं काय ऐकून तुम्ही काय बदललंत, ते फ्रेमवर बोट ठेवून तिला सांगा.

तुमची,
ताई